इंदुताईंचं माप

दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सोसायटीतल्या निम्म्या बायका इंदुताईंकडे ब्लाउज शिवायला टाकतात. उरलेल्या निम्म्या दुसरीकडे टाकतात आणि बिघडलं की इंदुताईंकडेच येतात. मापाच्या बाबतीत बाई महाखट! पाव इंच इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाइकाच्या आधी त्याच चिडतात.

दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढला. केमो झाली, केस गेले, केस परत आले. डाव्या बाजूसाठी इंदुताईंनी कापडाची पिशवी शिवली आणि आत बाजरी भरली. पावसाळ्यात बाजरीला किडे झाले. मग मोहरी भरली. स्वतःचं माप कुणाला घेऊ देणं मात्र बंद केलं, जुन्या ब्लाउजांवरच भागवलं.

तेही चाललं असतं. पण त्या कपडे बदलायला लागल्या की त्यांचे यजमान, रिटायर्ड सुभेदार ज्ञानोबा, उठून बाल्कनीत जायचे. नोव्हेंबरच्या धुरातसुद्धा, खोकत खोकत. बिचाऱ्यांना वाटायचं, बायकोला अवघडायला नको. इंदुताईंना वाटायचं, यांना माझ्याकडे बघवत नाही. तोंड उघडून विचारलं कुणीच नाही. इंदुताईंना राग यायचा, आणि रागामागोमाग रडू.

सोसायटीच्या गणपतीत, ऐन आरतीत, पिशवीची शिवण उसवली. पदराखालून मोहरी टपटप फरशीवर.

"काकू, बाप्पाची दृष्ट काढली की काय?" शेजारच्या साधनाने विचारलं.

"हो तर. केवढी गर्दी आहे, बघतेस ना!"

आरती पुरी केली, प्रसाद घेतला आणि घरी येऊन पिशवी कचऱ्यात टाकली. कॅन्सरची वाटली नव्हती एवढी लाज त्यांना स्वतःची शिवण उसवल्याची वाटली.

"अहो, मी ऑपरेशन करून नवीन करून घेणार आहे," त्यांनी सुभेदारांना सांगितलं.

"या वयात? आता कोण बघणार आहे, इंदू?"

"मी बघणार आहे. तुम्ही जा बाल्कनीत."



मिलिटरी हॉस्पिटलातली सर्जन मेजर कृतिका त्यांच्या मुलीच्या वयाची. पोटाची कातडी आणि चरबी काढून त्यातूनच स्तन घडवतात, असं तिने चित्र काढून समजावलं. "लंबा ऑपरेशन है, आंटी. कभी-कभी वो हिस्सा टिकता भी नहीं."

सुभेदारांचा चेहरा उतरला. इंदुताईंनी आपल्या पोटाकडे पाहिलं. "बीस साल से कम करने की कोशिश कर रही हूँ," त्या म्हणाल्या. "ले लो, बेटा."

ऑपरेशनच्या सकाळी मेजरने त्यांना उभं करून छातीवर पेनाने रेघा आखल्या. इंदुताई आरशात बघत होत्या. "बेटा, बाईं वाली लाइन पाव इंच नीचे है." मेजर हसली. इंदुताईंनी उशीखालून टेप काढली. मेजरने मोजलं, मुकाट्याने रेघ पुसली आणि नवी आखली.

नऊ तास लागले. सुभेदारांनी बाकड्यावर बसून थर्मासातला चहा उघडलासुद्धा नाही. मेजरने बाहेर येऊन सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी खाडकन सलाम ठोकला. मग खाली बसले आणि ढसाढसा रडले.

तीन महिन्यांनी इंदुताईंनी जपून ठेवलेला हिरवा खण बाहेर काढला. ब्लाउज शिवायचं तर माप हवं, आणि स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगतात. त्यांनी पदर बाजूला केला, हुक काढायला घेतले. सुभेदार सवयीने उठले.

"कुठे निघालात? टेप धरा."

सुभेदारांनी टेप धरली. दोन वर्षांत पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. व्रण, पोटाची जराशी काळपट कातडी, सगळं.

"मला वाटायचं, तुला आवडणार नाही मी बघितलेलं," ते म्हणाले.

"विचारायचं होतं की मग! मोजा आता. खांद्यापासून खाली."

"उजवीकडे दहा." सुभेदारांनी चष्मा सारखा केला. डावीकडे दोनदा मोजलं आणि भीत भीत म्हणाले, "इंदू, इकडे पावणेदहा भरतंय. पाव इंचाचा फरक आहे गं."

पाव इंच इंदुताईंनी आजवर कुणालाही सोडला नव्हता, मेजरलासुद्धा नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या.

सुभेदारांनी तरी परत एकदा मोजायला घेतलं. इंदुताईंनी घेऊ दिलं.