माळ्यावरची पाहुणी

"तुले बोलनं तं येत नाही. इथं बसून काय करशीन? माळ्यावर जाय, पाखरं हाकल."

गावच्या पाटलीणबाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या. महाराष्ट्र नवाच झाला होता, आणि साखरखेर्ड्याच्या शाळेत मीही नवीच लागले होते. सगळ्या मास्तरांना त्यांनी वावरात हुरड्याला बोलावलं होतं. बाकीचे जोडीनं आलेले. मी एकटी. माळ्यावर, म्हणजे वावरातल्या मचाणावर, बसणारा राखणदार त्या दिवशी आला नव्हता.

शेजारी सुमनबाई. माझ्यासारखीच मास्तरीण, पगारही तेवढाच. त्यांना पाटलीणबाई 'तुम्ही' म्हणत. मला 'तू'. वर म्हणाल्या, "तुही माय याच वावरात पाखरं हाकले. तुले काय नवं हाये?"

सगळे हसले. सुमनबाईसुद्धा.

मी उठले. मुकाट्यानं गेले. त्या जाण्याची मला अजून चीड येते.

माळ्यावरून सगळं दिसत होतं. आगटीतून गरम कणसं निघत होती. सुमनबाई काहीतरी रंगवून सांगत होत्या, माणसं कान देऊन ऐकत होती. मी जळत होते. त्यांच्या साडीवर नाही, नवऱ्यावर नाही. त्यांना चार माणसांत सहज बोलता यायचं, त्यावर. आपल्याला असं बोलता आलं असतं तर कोणी उठवलं नसतं, असं वाटत होतं.

मग हेडमास्तरांकडं लक्ष गेलं. सकाळपासून त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. खाली मान घालून हुरडा खात होते. त्यांना कोणी माळ्यावर धाडलं नव्हतं.

तेवढ्यात ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला. मी गोफणीला हात लावला नाही.

"ओरड नं वं. झोपली काय?" पाटलीणबाई खालून म्हणाल्या.

मी खाली उतरले. आगटीपाशी आले. कोणी सरकेना. सुमनबाईंच्या सतरंजीवर, त्यांना खेटून बसले.

"मी हुरडा खायाले आली," म्हणाले. दिवसभरात तेवढंच बोलले.

कोणी कणीस दिलं नाही. मी आगटीतून ओढून घेतलं. हात पोळला. तसंच चोळलं आणि खाल्लं.

सुमनबाईंचा हेवा मला आजही वाटतो. तो काही गेला नाही. तरी बोलावणं आलं की मी जाते. एकटी जाते. वाटलं तर बोलते, नाहीतर नाही. बसल्या जागेवरून मात्र मी आता कोणासाठी उठणार नाही.