मालूआत्याकडचा ईस्टर

आमच्या कँटीनमध्ये मी नुसतं "जर्मनीत ना..." म्हटलं तरी मुली डबे सरकवून जवळ येतात. माझा काय दोष? सातपाटीची माझी आई चार दिवस जर्मनांच्या घरात राहिली, किस्से ढिगानं पडणारच!

मी बोईसरच्या फॅक्टरीतून तीन महिने ट्रेनिंगला तिकडे होते. आई महिनाभरासाठी आलेली. ईस्टरची सलग चार दिवस सुट्टी लागली आणि आम्ही गेलो मालूआत्याकडे. मालूआत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. बोईसरला मशीन बसवायला आलेल्या जर्मन क्लाऊसशी तिनं लग्न केलं, आणि तिचा सख्खा भाऊ अण्णा त्या दिवसापासून तिच्याशी बोलला नाही. एकतीस वर्षं!

आता मे महिन्यात अण्णाच्या मुलीचं लग्न, मुलगा माकुणसारचा. आत्याला बोलवायचं का, असं विचारल्यावर अण्णा एवढंच म्हणाला, "द्यायची तर द्या पत्रिका." आईला तेवढं पुरलं. "घरच्या मानसाला फोनवर आमंत्रन देतात काय? मी हातात देनार!" म्हणत तिनं पत्रिका आणि कुंकवाची डबी बॅगेत टाकली.

शुक्रवारी पोचलो. आईनं दारातच आत्याला कुंकू लावलं, पत्रिका हातात दिली. आत्यानं ती वाचली, "बघू" म्हणाली आणि फ्रिजवर ठेवून दिली. आईचं तोंड एवढंसं झालं.

*

त्या संध्याकाळी टेबलावर ब्रेड, चीज, काकडी. आईला वाटलं, आधीचा नाश्ता. जेवणासाठी पोट रिकामं हवं म्हणून तिनं एकच तुकडा खाल्ला आणि हात धुऊन शांत बसून राहिली. अर्ध्या तासानं क्लाऊसनं टेबल पुसलं, भांडी मशीनला लावली.

आई माझ्या कानाशी, "भात चुलीवर ठेवला का बघ ना गं!"

मी सांगितलं, हेच जेवण. बाई हादरलीच! "एवढी थंडी, आनि मानसं गार जेवतात?"

*

शनिवारी सकाळी सात वाजता आईनं शिरा केला आणि वाटी घेऊन निघाली शेजारी. आमच्या गावात पुढचं दार पाहुण्यांचं, आपली माणसं मागनं येतात. मग आई सरळ मागच्या दारानं शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात! आजी गाऊनमध्ये कॉफी पीत होत्या. त्यांनी घाबरून क्लाऊसला फोन लावला, "तुमच्या घरी कोणाला काही झालंय का?"

दहा वाजता वाटी परत आली. घासूनपुसून लख्ख, पण रिकामी! आई भडकली. "रिकामी वाटी परत देतात? चिमूटभर साखर तरी घालायची!"

आत्यानं हसत हसत क्लाऊसला सांगितलं. तो इतका सरळ माणूस, की उठून आजींना सांगूनच आला. बिचाऱ्या आजींनी अख्खा केक आणून दिला. आता आई अडचणीत. "अगं बाई, आता ही प्लेट रिकामी कशी देऊ?"

सोमवारपर्यंत हे चालू होतं!

*

रविवार, ईस्टर. आई नेहमीप्रमाणे पहाटे उठली, बागेत गेली, तर झुडपात अंडी. कुंडीमागे अंडी. "काय मोकाट कोंबड्या हायत यांच्या!" म्हणत तिनं सगळी ओच्यात गोळा केली. रंगीत होती, पण परदेशातली कोंबडी, असेल बाई तिची तऱ्हा! फोडायला गेली तर उकडलेली निघाली. कोंबड्यांचं कोडं तिनं तिथंच सोडलं आणि सोलून कालवण केलं.

आठ वाजता आत्याची दोन्ही नातवंडं आली आणि टोपल्या घेऊन बागेत धावली. ईस्टरला मोठ्यांनी रंगवलेली अंडी लपवायची आणि पोरांनी ती शोधायची, अशी तिकडची रीत. शोधशोध शोधली, एक अंडं सापडेना. धाकटी रडकुंडीला आली. क्लाऊस हातात कागद घेऊन फिरतोय. कुठलं अंडं कुठे लपवलं, त्याची त्यानं यादी केलेली!

शेवटी आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. क्लाऊसनं आत वाकून चमच्यानं एकेक अंडं बाजूला केलं आणि गंभीरपणे म्हणाला, "अठरा. बरोबर आहेत."

*

सोमवारी दुपारी आम्ही निघणार. पत्रिका अजून फ्रिजवरच. आई सकाळपासून पाणी प्यायच्या निमित्तानं चारदा फ्रिजपाशी जाऊन आली!

आत्यानं आईनं आणलेले सुके बोंबील शिजवायला घेतले. तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल. बाबांच्या शेजारच्या खुर्चीत अण्णा, तोंडापुढे पेपर. आत्यानं ते पाहिलं आणि पटकन पाठ फिरवून पातेलं ढवळायला लागली. आईनं काय करावं? फोन उचलला आणि धरला थेट पातेल्यावर! "बघा, तुमची बहीन काय करते!"

पेपर जरासा खाली आला.

"मालू, बोंबलात बटाटा कोन टाकतं गं?"

आत्याच्या हातातला डाव थांबला. क्लाऊसनं टीव्ही बंद केला.

आत्या डोळे पुसत वळली आणि फोनवर ओरडली, "मी टाकते! तिकडं येऊन पन टाकनार! काय करशील?"

अण्णानं पेपर बाजूला फेकला.

"मांडवाच्या दिवशी येऊ नकोस हां पावन्यासारखी. हळदीच्या आधी आठ दिवस ये!"