बघणारे डॉक्टर

पेनाला टोपण लावायचे आणि म्हणायचे, "ही माझी नव्हे." एवढं झालं की समजायचं, आता साक्षात विश्वनाथ बाकावर येऊन बसला तरी डॉक्टर ती गोळी लिहून देणार नाहीत.

बालाजी घाटावरून वर आलं की तिसऱ्या वळणावर त्यांचा दवाखाना. दवाखाना म्हणजे एक टेबल, एक बाक आणि गल्ली अरुंद म्हणून अधूनमधून आत डोकं घालणारा एक सांड. त्या सांडाचा ताप डॉक्टरांनी दोनदा उतरवला होता. बरं, एकदा. अक्षर इतकं स्वच्छ की कोपऱ्यावरचा औषधवाला पहिली चार वर्षं त्यांना बनावट डॉक्टर समजत होता.

माझं त्यांच्याशी भांडण झालं ते काकूच्या गोळीवरून.

काकू संकठा घाटाजवळ राहते. तिची बोटं सुजून आल्याच्या गड्ड्यासारखी झाली, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातल्या सांध्यांच्या साहेबांनी एक पिवळी गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकच. गुण आला, पोळ्या लाटू लागली. पण दर तीन महिन्यांनी तोच परचा पुन्हा लिहून आणायचा, आणि त्यासाठी जी लाइन, तिचं एक टोक साहेबांच्या दाराशी नि दुसरं मुगलसराईला. त्या लाइनीत लोकांच्या सोयरिकी जमलेल्या मी पाहिल्या आहेत. पाच तास उभं राहायचं. साहेब मान वर न करता "वही दवा" म्हणून अर्ध्या मिनिटात सही करणार.

म्हणून मी डॉक्टरांना म्हटलं, "तुम्हीच लिहून द्या की. नाव तेच, गोळी तीच."

टोपण लागलं. "ही माझी नव्हे."

"तुम्हाला येत नाही का लिहायला?"

"लिहायला तुलाही येईल. जो लिहील त्यानं बघायचं. त्या गोळीवर रक्त बघावं लागतं. किती दिवसांनी, कुठल्या आकड्याला थांबवायची, तिचं आधीचं काय आहे, हे तिकडून मला कुणी कळवलंय? एक चिठ्ठी आण साहेबांची. मग लिहितो."

चिठ्ठी मागितली तर साहेबांचा असिस्टंट हसला. "ये दवा गली-मोहल्ले में नहीं लिखी जाती."

म्हणजे बघा हं. तिकडचे म्हणतात, आम्हीच लिहिणार. इकडचे म्हणतात, तिकडून कळवल्याशिवाय लिहिणार नाही. मग मी काय केलं? जे तुम्ही केलं असतं तेच. जुना परचा औषधवाल्यासमोर नाचवला आणि वर्षभर गोळ्या आणल्या. डॉक्टरांच्या दारावरून जाताना मुद्दाम खोकायचो.

मग नवरात्रात काकूच्या तोंडात फोड आले. पाणी पिववेना. मलम लिहून घेऊ म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं.

"वहिनी, तोंड उघडा." पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "ती पिवळी गोळी अजून चालू आहे?" मग तिला विचारलं, "शेवटची कधी घेतलीत?"

"आज सकाळी. देवीचं दर्शन करून आल्यावर."

"आणि त्याआधी?"

"काल. काल दर्शनाला गेले नव्हते का?"

हॉस्पिटलात सांगितलं होतं, हफ्ते में एक. वार विसरू नये म्हणून काकूनं गोळी देवीला जोडून टाकली. संकठादेवीचा वार शुक्रवार, दर्शन करून आलं की गोळी. वर्षभर बिनचूक. नवरात्रात ती रोज जात होती. सहा दिवसांत सहा गोळ्या.

डॉक्टर तिला ओरडले नाहीत. मलाही नाही. स्वतः ऑटोत बसले, मोठ्या हॉस्पिटलात नेऊन तिला भरती केलं. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. अकरा दिवस काढले तिनं तिथे. आणखी दोन दिवस गेले असते तर काही करता आलं नसतं, असं तिथल्या नर्सनंच मला सांगितलं.

काकू घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्या लाइनीत उभे राहिले. पेशंट म्हणून स्वतःच्या नावाचा परचा काढून, पाच तास. मी सोबत होतो, त्यामुळे पुढचं एक अक्षरही वाढवून सांगत नाही.

"तकलीफ क्या है?" साहेबांनी मान खाली घालून विचारलं.

"आप."

साहेबांची मान वर आली.

"ये दवा आप ही लिखेंगे, ठीक. इनका खून आपने आखिरी बार कब देखा?" डॉक्टरांनी काकूची फाइल पुढे सरकवली. साहेबांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. भरतीच्या आधीचा एकही रिपोर्ट नव्हता. पहिल्या परच्यापासून कुणी सांगितलाच नव्हता.

"आप चाहते क्या हैं, डॉक्टरसाहब?"

"चिट्ठी."

मिळाली. रक्त दर महिन्याला, पांढऱ्या पेशी अमुक आकड्याखाली गेल्या की गोळी बंद, आणि खाली साहेबांचा फोन नंबर. त्या दिवसापासून ती गोळी डॉक्टर लिहू लागले. बातमी पसरली, आणि तशी चिठ्ठी आणणारे आसपासच्या गल्ल्यांतले चाळीसएक जण झाले. लॅबवाला दर महिन्याला रिपोर्ट दवाखान्यात टाकायचा, डॉक्टर एकेक वाचायचे, काही कमी-जास्त दिसलं तर स्वतः जिना चढून घरी जायचे. फी विचारली की म्हणायचे, "चहा कर."

गेल्या पौषात डॉक्टर गेले. आम्ही सगळे पुन्हा लाइनीत लागलो. परचे मिळत होते, गोळ्या मिळत होत्या, काकू शिकवल्याप्रमाणे दर महिन्याला रक्तही देत होती. मी म्हटलं, चाललंय.

परवा त्यांच्या मुलीचा नागपूरहून फोन आला, दवाखाना रिकामा करायचाय, जरा उघडून ठेवा. शटर वर केलं, तर आत जमिनीवर पाकिटांचा ढीग. लॅबवाल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो आपला शटरच्या फटीतून टाकत होता.

काकूची तीन पाकिटं निघाली. तिसऱ्यात पांढऱ्या पेशींचा आकडा जाड ठशात होता, चिठ्ठीतल्या आकड्याच्या खाली. चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन लावला. साहेबांची नुकतीच बदली झालेली. ते म्हणाले, अब मैं वहाँ नहीं देखता. मी धावत जाऊन काकूच्या डब्यातल्या गोळ्या काढून घेतल्या आणि तिला सकाळी हॉस्पिटलात चलायचं सांगितलं. मग उरलेली पाकिटं पिशवीत भरून निघालो.

पहिलं दार जोशीकाकांचं. दूध आणायला निघाले होते.

"काका, तुमचं रक्त कोण बघतं हल्ली?"

"हॉस्पिटलवाले बघत असतील की," ते म्हणाले.

त्यांचं पाकीट माझ्या हातात होतं. डिंकसुद्धा सुटला नव्हता.