एकतीस ताटं आणि सतरा मुलं

सरकारी शाळांची अधिकारी म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर मुलांच्या भवितव्याचा विचार करत असणार. डोंबल! भिवंडीच्या आसपासच्या गावांतल्या शाळा माझ्या ताब्यात आल्या त्या दिवसापासून मी विचार केला तो फक्त लिंकचा. सकाळी चहा व्हायच्या आत वरून लिंक येते, ती मी खाली ढकलते आणि दुपारपर्यंत किती शाळांनी भरली ते वर कळवते. झाड लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, धुतल्या हातांनी झाडाला पाणी घातल्याचा फोटो. एका गुरुजींनी सलग तीन वर्षं एकाच रोपाशेजारी उभं राहून फोटो पाठवले. रोप तेवढंच राहिलं, गुरुजींचं पोट मात्र सुटत गेलं. मी त्यांना झापलं, तर म्हणाले, मॅडम, लिंकमध्ये उंचीचा रकाना नव्हता.

मी तशी तापटच. पण तपासणीची सोंगं मला कुणी शिकवायला नकोत, कारण मी त्यांतूनच वर आले. मी शाळेवर शिकवायला लागले तेव्हा साहेब येणार असं कळलं की पट भरून दाखवायला शेजारच्या गावातून मुलं उसनी आणायची रीत होती. आमच्याकडची एक चुणचुणीत मुलगी एकाच आठवड्यात तीन शाळांत हजर होती आणि तिन्हीकडे तिने तेराचा पाढा घडाघडा म्हणून दाखवला. साहेब तिन्हीकडे तेच. शेवटच्या शाळेत त्यांनी शेरा मारला, की या भागातल्या मुलींचे पाढे उत्तम आहेत.

खुर्चीवर बसल्यावर मी ठरवलं, ही थेरं बंद. आता प्रत्येक मुलाचं आधार पोर्टलवर जुळतं. जुळलं तर मूल आहे, नाही जुळलं तर नाही. रविवारी घरी बसून मी एक परिपत्रक लिहिलं. पोर्टलवर नसलेलं मूल वर्गात आढळलं किंवा त्याला खिचडी दिली गेली, तर मुख्याध्यापकांची चौकशी होईल आणि तांदूळ वसूल केला जाईल. कागद नाही म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही, हा कायदा मला पाठ आहे. मी तरी कुठे परत पाठवा म्हटलं होतं! मी आपलं नुसतं आढळू नये म्हटलं होतं. लिपिकाने टाइप करताना दोनदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, भाषा आवडली असावी.

पूर्णाकडून अंजूरकडे जाताना गोडाऊनांच्या रांगांमागे एक दोन खोल्यांची शाळा होती. गावातल्यांच्या जमिनी गोडाऊनला गेल्या आणि त्यांची मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून जायला लागली. इथे उरली ती माल चढवणाऱ्यांची आणि शहरात लूमवर शिफ्ट करणाऱ्यांची पोरं. बाई एकट्याच. मुख्याध्यापिका त्याच, शिक्षिका त्याच, घंटा वाजवणाऱ्याही त्याच. पोर्टलवर त्यांचा पट होता सतरा. आणि वरून यादी आली, की वीसच्या आत पट असलेली शाळा बंद करून मुलं शेजारच्या मोठ्या शाळेत पाठवा. ती मोठी शाळा होती कंटेनरच्या रस्त्यापलीकडे. तो रस्ता ओलांडायला मला माझ्या सरकारी गाडीतसुद्धा भीती वाटते.

बाई ऑफिसात आल्या. साडीच्या पदराने कपाळ पुसत बराच वेळ उभ्या होत्या. मी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मॅडम, पोर्टलवर नसलेली मुलं धरली तर?"

"नसलेली मुलं कशी धरायची, बाई?" मी म्हटलं. लिपिक हसला. मीही हसले. बाई नमस्कार करून गेल्या.

पटपडताळणीला मी स्वतः गेले. कुणी म्हणायला नको की अधिकारी खुर्चीतून मोजतात. वर्गात डोकी मोजली, सतरा. उसनं एकही नाही. पोरं चुळबुळत होती, सारखी मागच्या खिडकीकडे बघत होती. मी त्यांना समोर बघा म्हणून दटावलं आणि अहवालात लिहिलं, पट खरा व पारदर्शक. बाईंच्या प्रामाणिकपणाचं मी तोंडावर कौतुक केलं. त्या खाली बघत राहिल्या. महिनाभरात शाळा बंद करण्याचा आदेश आला.

शाळेचं सामान ताब्यात घ्यायला गेले त्या दिवशी कुणाला कळवलं नव्हतं. बाकं सहा, फळे दोन, वजनकाटा एक बिघडलेला, असं लिहीत लिहीत मागच्या ओट्यावर आले. तिथे खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी ताटं धुऊन उन्हात मांडली होती. सवयीने मोजली. एकतीस. अजून पाणी निथळत होतं.

"मावशी, पोरं सतरा, मग ताटं एकतीस कशी खरकटी झाली?"

मावशी गावच्याच. त्यांना ना परिपत्रकाची भीती ना माझी. त्या म्हणाल्या, "चौदा पोरा तुमी येता तवा गोडावनच्या मागं बसतात. बाईंनी शिकवलंय, खोकायचं बी न्हाय."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कपाट उघडलं. दाराला आतून माझं परिपत्रक चिकटवलेलं होतं. सहीखाली माझा शिक्का होता, ठसठशीत. चौदा जणांचं कुठे नाव जुळत नव्हतं, कुठे जन्मतारीख, कुठे आधारच नव्हतं. चौदा दाखवली तर चौकशी, लपवली तर शाळा जाणार. बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि घरात अंथरुणाला खिळलेला नवरा. त्यांनी लपवली. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो माझाच, आणि तिथल्या तिथे तोंड लपवावंसं वाटलं.

मी धडाधड पत्रं लिहिली. पट एकतीस आहे, शाळा राहू द्या. उत्तर आलं, पोर्टलवर नोंद करा. पोर्टल त्या वर्षापुरतं बंद झालेलं. दुसरं उत्तर जास्त छान होतं. एकतीस असतील तर आपण सतरा कसे मोजलेत, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. खुलासा केला. तो दप्तरी दाखल झाला आणि शाळा बंद झाली. सतरा जण बाईंबरोबर रस्त्यापलीकडे गेले. चौदांना तिथल्या मुख्याध्यापकांनी दारातूनच परत पाठवलं. माझं परिपत्रक त्यांच्याकडेही पोचलं होतं ना! ते मी त्याच आठवड्यात रद्द केलं, पण तोवर पोरं पांगली होती.

पुढच्या महिन्यात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाची लिंक आली. लिपिकाने गोडाऊनमागच्या त्या वस्तीपुढे 'निरंक' असं भरून सहीसाठी कागद ठेवला. त्याचंही बरोबरच होतं. जी मुलं शाळेत कधी नव्हतीच, ती शाळेबाहेर जाणार कशी? मी पेन उचललं, खाली ठेवलं आणि गाडी काढायला सांगितली.

मावशींना बरोबर घेतलं. गोडाऊनच्या मागे लाकडी फळ्यांची चवड होती, तिथे पोरं खेळत होती. माझ्या हातात फाईल दिसली मात्र, एक आठनऊ वर्षांची मुलगी उठली, दोन धाकट्यांचे हात धरले, बाकीच्यांना खूण केली आणि सगळी फळ्यांमागे गडप झाली. आवाज नाही, खोकला नाही. आईबाप कुठले बिहारकडचे, पण मुलगी आतून मावशींना हळूच म्हणाली ती बाईंनी शिकवलेल्या स्वच्छ मराठीत.

"मॅडम गेल्या की सांगा, मग आम्ही बाहेर येतो."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी चपला वाजवत गाडीपर्यंत गेले, गाडीचं दार जोरात आपटलं आणि पाय न वाजवता भिंतीच्या आडोशाला येऊन उभी राहिले. मावशी म्हणाल्या, "गेली रं पोरांनो, या भाईर."

एकेक करून बाहेर आली. मी आडोशातून मोजत होते, श्वास रोखून. मोजून झाल्यावर परत एकदा मोजली. अकरा. उरलेली तीन कुठे गेली ते मावशींनाही ठाऊक नव्हतं.