डावा ब्रेक लाइट

गाडी सर्व्हिसिंगला नेली की आमचे गॅरेजवाले शिंदे तपासणीचा छापील कागद घेऊन एकेका ओळीवर खूण करत जातात. ब्रेक लाइटच्या ओळीशी मात्र त्यांना माझी गरज लागते. मी आत बसून ब्रेक दाबायचा आणि त्यांनी मागे उभं राहून ओरडायचं, "दोन्ही लागतायत!"

काल ते ओरडले, "काका, डावा बंद आहे! किती दिवस झाले?"

मला काय ठाऊक! हे दिवे साऱ्या रस्त्याला दिसतात, चालवणाऱ्याला तेवढे दिसत नाहीत. ते लागतात की नाही, हे दुसऱ्या माणसानंच सांगावं लागतं.

बल्ब बदलून शिंदे म्हणाले, "महिन्यातून एकदा काकूंना मागे उभं करून बघत जा."

मी "हो" म्हटलं. काकू जाऊन दोन वर्षं झाली, हे त्या कागदावरच्या कुठल्याच ओळीत बसत नव्हतं.

संध्याकाळी सोसायटीत गाडी मुद्दाम उलटी लावली, मागची भिंत अगदी जवळ येईपर्यंत. ब्रेक दाबला. आरशात पाहिलं, तर भिंतीवर दोन लाल डाग उमटले होते.

"दोन्ही लागतायत," मी मोठ्यानं म्हणालो.

मग ब्रेकवरचा पाय बराच वेळ काढवेना.