ताईंचं समुद्रगवत

जपानच्या समुद्राच्या तळाशी कुठे काय आहे, हे स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात कुठे काय आहे यापेक्षा जास्त नेमकं ठाऊक असलेली बाई अख्ख्या जगात एकच आहे, आणि ती माझ्या सासरच्या नात्यात निघावी हा माझ्या नशिबाचा भाग आहे. माझ्या बायकोची ही थोरली आत्तेबहीण. आम्ही त्यांना नुसतं ताई म्हणतो. पुण्याहून सेंदाईला पीएचडी करायला आल्या त्या इथल्याच झाल्या. एका शांत, सोशिक जपानी माणसाशी लग्न केलं, मुलगी वाढवली आणि विद्यापीठातली सगळी नोकरी समुद्रगवतावर काढली. समुद्रगवत म्हणजे उथळ खाऱ्या पाण्याखाली वाढणारं, हिरव्या फितींसारख्या लांब पात्यांचं खरंखुरं गवत. माशांची पिल्लं त्यात लहानाची मोठी होतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. ताईंची माझी पहिली भेट झाली त्या दिवशी जेवणाची पानं वाढून होईपर्यंत सगळं माहीत झालं, आणि नंतर ते विसरायची संधी त्यांनी मला कधी दिली नाही.

पाण्याखालचा एकेक खडक तोंडपाठ असणाऱ्या या बाईंना जमिनीवर मात्र दिशा नावाची गोष्ट नाही. सेंदाई स्टेशनवर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलंय, पण तिथून बाहेर पडताना त्या आजही हमखास उलट्या बाजूने बाहेर पडतात. एकदा मी आणि बायको स्टेशनातल्या त्या मोठ्या रंगीत काचचित्रापाशी त्यांची वाट बघत उभे होतो, तर फोन आला, "मी बरोबर जागेवर उभी आहे, स्टेशनच सापडत नाहीये." वर आम्हालाच दटावलं की नकाशा बघून भेटायची जागा का ठरवत नाही. बरं, समुद्राचं एवढं वेड, तर होडीत बसल्यावर सुखात असाव्यात की नाही? होडीने किनारा सोडला की यांचं पोट ढवळायला लागतं. कमरेला बटवा खोचावा तसा खिशात आलेपाक घेऊन त्या निघतात. बोलता बोलता शांतपणे "एक मिनिट हं" म्हणून पलीकडे वाकतात, मोकळ्या होतात, तोंड पुसतात आणि अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे चालू करतात. त्यांच्या विद्यार्थ्यांना याची इतकी सवय झाली होती की तेवढ्या वेळात ते आपल्या वहीत मागचं लिहून घ्यायचे.

त्यांच्या फ्रिजबद्दल तर बोलायलाच नको. मोदकांच्या डब्याशेजारी खाडीतून आणलेले नमुने, आणि दोन्हीवर सारख्याच निगुतीने लावलेल्या चिठ्ठ्या, त्याही जपानीत. एका रविवारी माझ्या बायकोने त्यांच्या घरी कौतुकाने स्वयंपाक केला आणि पातीचा कांदा समजून एक हिरवी जुडी चिरून, भरपूर बेसन घालून झकास झुणका केला. आम्ही सगळे जेवलो. माझे जपानी साडू तर दोनदा मागून जेवले. ताईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ नेमकं पडलंय गं. पण हा उत्तरेकडच्या खडकाजवळचा नमुना होता, आता परत जावं लागणार." रागावल्या नाहीत. उलट पानातला उरलेला झुणका भिंगाखाली धरून त्यातून काही वाचवता येईल का, हे बघत बसल्या.

साडूंना मराठी तीनच शब्द येतात: हो, बरं आणि कळलं. एवढ्या भांडवलावर त्यांनी एका पुणेकर बाईशी सुखाचा संसार केला, याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर या ताईंचा जीव अडकला होता तो सेंदाईहून रेल्वे आणि मग बस करून जावं लागणाऱ्या एका छोट्या खाडीत. त्सुनामीने ती खाडी तळापासून खरवडून काढली होती. त्यानंतरच्या पाहणीत सरकारी नकाशावर तिथे 'वाळू' असं लिहिलं गेलं, आणि लिहिलं ते राहिलं. पण गवत परत आलं होतं. आधी चार काड्या, मग ठिपके, मग कुरणंच्या कुरणं. ताई वर्षानुवर्षं आलेपाक चघळत, कॅमेरा पाण्यात सोडून त्याचं मोजमाप करत होत्या, आणि मी आपला उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारा माणूस, म्हणून मला त्यांनी हक्काने वेठीला धरलं होतं. तेवढ्यात बंदर वाढवण्याचा आराखडा निघाला. होड्यांसाठी नवा धक्का बांधायचा, त्यासाठी खडी टाकून खाडीचा उथळ भाग भरून काढायचा. नकाशात तिथे वाळूच आहे म्हटल्यावर कोण कशाला अडवणार? भराव दुसरीकडे सरकवून या भागाला संरक्षण मिळवण्याचा एकच रस्ता होता. गावातल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने स्वतः तशी मागणी करायची. ताई मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. तोवर हे झालं नाही तर गवतावर खडी पडणार, एवढं साधं होतं.

संस्थेच्या बैठकीत ताईंनी पुणेरी पद्धतीने मुद्दा मांडला, म्हणजे आधी समोरच्याचे सगळे आक्षेप स्वतःच सांगितले आणि मग एकेक करून खोडून काढले. शेवटी संस्थेचे प्रमुख उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "फार मोलाची माहिती दिलीत, सेन्सेइ. आम्ही यावर सखोल विचार करू." सेन्सेइ म्हणजे गुरुजी. पाठोपाठ सगळी सभा वाकली. ताई हरखून बाहेर आल्या आणि तिथूनच माझ्या बायकोला फोन, "खवा मिळतो का बघ, नाहीतर दुधाची पावडर घे. पेढे करायचेत!" दुसऱ्या दिवशी अख्ख्या विभागात पेढे वाटून झाले. संध्याकाळी साडूंनी हळूच विचारलं की ते लोक नेमके कोणत्या शब्दांत बोलले. ताईंनी शब्दन् शब्द सांगितला. साडूंनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं." मग जपानीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की याला आमच्याकडे 'नाही' असं म्हणतात.

"अहो, पुण्यातही 'बघू' म्हणजे नाहीच असतं," ताई मला सांगत होत्या, "पण तिथे माणसाच्या तोंडावर दिसतं तरी! हे लोक एवढे वाकले, मला वाटलं संमतीच्या भाराने वाकले."

साडूंनी मग त्यांना नेमावाशीचा धडा दिला. झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तर आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतात, तसं बैठकीच्या आधी प्रत्येक माणसाला निवांत, वेगवेगळं भेटून त्याचं मन मोकळं करायचं. बैठकीत फक्त माना हलवायच्या. आता ताईंनी एकेका मच्छीमाराला निवांत भेटायचं म्हणजे होडीत भेटायचं, आणि होडीत निवांत राहणं त्यांच्या पोटाला मंजूर नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "जावईबापू, संक्रांत जवळ आलीये. मुळं घरात असतात. मी हळदीकुंकू करते."

आणि खरोखर केलं. गावच्या समाजमंदिरात, बाहेर बर्फ भुरभुरत असताना, मच्छीमारांच्या बायका, आया आणि सासवा गोल करून बसल्या. ताईंनी कपाळाला कुंकू लावलं, हळद लावली, गुलाबपाणी शिंपडलं आणि तिळगूळ हातावर ठेवून त्यामागची विनंती जपानीत समजावून सांगितली. एक आजी म्हणाल्या, "वर्षातून एकदा गोड बोलायची आठवण करून द्यावी लागते म्हणजे तुमच्याकडचे नवरेही आमच्यासारखेच दिसतात." त्यानंतर त्या सभागृहात जो हशा सुरू झाला तो दारापर्यंत थांबला नाही. वाण म्हणून ताईंनी प्रत्येकीला एकेक तेनुगुइ दिला. तेनुगुइ म्हणजे इथला सुती पंचा, कोळी लोक तो डोक्याला बांधून कामाला जातात. त्यावर त्यांनी माझ्याकडून खाडीचा नकाशा छापून घेतला होता, निळ्या पाण्यात हिरवी कुरणं. मी म्हटलं, "ताई, वाण म्हणून नकाशा?" तर म्हणाल्या, "प्लास्टिकच्या वाट्यांपेक्षा बरा."

कालवांचा हंगाम जोरात होता. दुसऱ्या आठवड्यात पाहतो तर खाडीतल्या निम्म्या होड्यांवर खाडीचा नकाशा डोक्याला गुंडाळून माणसं काम करत होती. आणि मग एके दुपारी संस्थेचे प्रमुख स्वतः विद्यापीठात आले. पंचा टेबलावर पसरून म्हणाले, "सेन्सेइ, माफ करा, पण हे चुकलंय. माझ्या कालवं वाढवायच्या तराफ्याच्या मागेही गवत आहे, तुम्ही तिथे निळं दाखवलंय." ते गेले न गेले तोच दुसरे आले. त्यांचा दावा प्रमुखांपेक्षा मोठ्या कुरणाचा होता. मग तिसरे. ताईंचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "भांडायला आलेत, जावईबापू, भांडायला! आता काम झालंच म्हणून समजा."

वाद मिटवायला सगळे मिळून कॅमेरा घेऊन पाण्यात निघाले. प्रमुखांच्या तराफ्यामागे खरंच गवत होतं, आमच्या चित्रात ते सावलीत गेलं होतं. दुसऱ्यांनी छातीठोकपणे दाखवलेल्या जागी गवत नव्हतं, एक जुनं वॉशिंग मशीन होतं, आणि ते पडद्यावर दिसताच त्यांच्या मित्रांनी त्यांना हसून हसून बेजार केलं. होडी आणखी थोडी आत गेली. पडद्यावर दाट गवत आलं, आणि त्यात काहीतरी निळसर, ओळीने पडलेलं. कौलं होती. एका घराचं अख्खं छप्पर वाळूवर टेकलं होतं, कौलांच्या फटीफटींतून गवत वर आलं होतं आणि पात्यांमधून बोटाएवढे मासे ये-जा करत होते. प्रमुखांनी डोक्याचा पंचा सोडला आणि हात जोडले. कुणाचं घर ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हे नकाशात येईल?"

ताई त्या दिवशी होडीत एकदाही वाकल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "येईल," त्या म्हणाल्या. "आणि याच्या चारी बाजूंनी आत कुणीच यायचं नाही, असा नियम करू. तुमचीही होडी नाही, माझीही नाही." प्रमुख नुसते मान हलवत राहिले.

पुढची बैठक मी कधी विसरणार नाही. ताईंना साडूंनी बजावून ठेवलं होतं की तोंड उघडायचं नाही. आयुष्यात एवढं कठीण काम त्यांनी दुसरं केलं नसेल. प्रमुख उठले, भिंतीवर पंचा टांगला आणि म्हणाले, "हा आमच्या खाडीचा, आम्ही केलेला नकाशा." आमचा, म्हणाले! तराफ्यामागचं कुरण त्यावर आता रीतसर हिरवं झालं होतं, आणि मधोमध, त्या छपराभोवती, एक चौकोन गडद हिरवा. एकेका मच्छीमाराने मान हलवली. विरोध नाही, प्रश्न नाही, सगळा कारभार चहा गार व्हायच्या आत आटोपला. मागच्या रांगेतल्या बायकांनी मात्र रीत सोडून टाळ्या वाजवल्या, आणि त्या हळदीकुंकवातल्या आजींनी तर उभं राहून वाजवल्या. सरकारी नकाशावरची 'वाळू' पुसली गेली. धक्का खाडीच्या तोंडाशी, खडकाळ बाजूला सरकला. संरक्षित भागाभोवती पिवळ्या तरंगत्या खुणा लागल्या आणि पाण्याखालच्या कॅमेऱ्याची देखरेख संस्थेने स्वतःच्या अंगावर घेतली. मार्चच्या शेवटच्या दिवशी विभागात पुन्हा पेढे वाटले गेले, आणि या खेपेला साडूंनी दोन खाल्ले. मला अभिमानाने इतकं भरून आलं की मी चार खाल्ले.

एप्रिलमध्ये ताई ओसाकाला, मुलीकडे राहायला जाणार होत्या. जाण्याआधी एकदा खाडीवर जाऊन येऊ म्हणाल्या, तेव्हा मी बरोबर गेलो. त्सुनामीनंतर बांधलेली भिंत इतकी उंच आहे की पायऱ्या चढून वर गेल्याशिवाय समुद्र दिसत नाही. आम्ही वर जाऊन उभे राहिलो. वारा होता, ऊन होतं, पिवळ्या खुणा हलत होत्या. खुणांच्या कडेला संस्थेची होडी थांबली होती. प्रमुखांच्या पत्नी वाकून कॅमेरा पाण्यात सोडत होत्या, होडी रेषेच्या बाहेर ठेवून, जसं ठरलं होतं तसं. मी म्हटलं, "ताई, एकदा आत जाऊन बघायचंय का? मी प्रमुखांना विचारतो. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत."

"म्हणणार नाहीत, म्हणूनच विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "नियम मी लिहिलाय."

मग काही वेळ त्यांनी मला बोटाने दाखवलं, प्रमुखांचं कुरण कुठे, ते छप्पर कुठे, यंदा नवीन गवत कुठल्या बाजूने पसरत असेल. वरून मला नुसतं पाणी दिसत होतं. गवत आता आपलं आपण वाढणार होतं, आणि ते वाढलेलं ताईंना कुणीतरी दुसऱ्याने सांगितल्यावरच कळणार होतं. हे त्यांनी स्वतः मागून घेतलेलं होतं, तरी मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. पाण्यातून कॅमेरा वर आला होता, आणि प्रमुखांच्या पत्नींनी आमच्याकडे बघून दोन्ही हात पसरून दाखवले, एवढं, एवढं लांब झालंय. ताईंनी जोरजोरात मान हलवली, आणि होडी किनाऱ्याला लागेपर्यंत त्या हलवतच राहिल्या.