उंबऱ्याबाहेरचे पंच

लढाईच्या काळात कोरेगावातलं आमचं घर हातचं जायला आलं होतं, आणि तेही माझ्या लग्नापायी. लग्नाला पैसे कमी पडले म्हणून वडिलांनी पेठेतल्या कापडवाल्या अण्णांना मुदतखरेदीखत लिहून दिलं. म्हणजे मुदतीत पैसे फेडले तर घर आपलं, नाहीतर ते विकलंच म्हणून समजायचं. कोर्ट नाही नि कचेरी नाही. पंचांनी आत जाऊन घर बघायचं, अण्णांनी कुलूप घालायचं, झाला ताबा.

वडील पलटणीबरोबर आफ्रिकेत. मुदत भरली तरी त्यांच्या पैशांचा पत्ता नव्हता. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, पोट हे एवढं. माझ्यामुळं आई रस्त्यावर येणार म्हणून रडून रडून माझे डोळे सुजले. आई मात्र ढिम्म. "रडतीस कशाला? नीज आत गप," म्हणाली. खोलीत शेगडी पेटवली, ओव्याची धुरी केली आणि शेजारणीचं तान्हं आणून माझ्या कुशीत टाकलं. त्यानं लगेच भोकाड पसरलं.

अण्णा पंचांना घेऊन दारात आले. आई उंबऱ्यावर उभी. "आवं अण्णा, आत बाळंतीण हाय. या की, सोयर चालत असंल तर."

सोयराच्या घरात कोण पाऊल टाकणार? पंच मागं सरले. अण्णांचं तोंड असं उतरलं म्हणता! कोर्टात जायचीही त्यांना सोय नव्हती. कोर्ट असल्या खताला गहाणच धरायचं, नि पैसे घेऊन घर सोडा म्हणायचं. हे आई चांगलं ओळखून होती.

दहा दिवसांनी सोयर फिटलं म्हणून ते पंचांसकट पुन्हा हजर. आणि नेमक्या त्याच पहाटे मला खऱ्या कळा सुटलेल्या. सुईण आत, पंच अंगणात, आणि माझी पोर जी किंचाळली, अगं बाई!

"आता हे काय?" अण्णा ओरडले.

"जुळं हाय. दुसरं जरा उशिरानं आलं," आई म्हणाली. तोंडावरची रेघ हलली नाही.

पंचांतले एक म्हातारे मटकन ओट्यावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. "चला गड्या घरी," ते अण्णांना म्हणाले. "ह्या बाईपुढं आपलं काय चालत न्हाई."

बारशाच्या आधीच वडिलांचे पैसे आले. आईनं निरोप धाडला. अण्णा खत घेऊन आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले.

"वैनी, आत येऊ का," त्यांनी विचारलं, "का अजून कोण यायचं ऱ्हायलंय?"